खटखट

नव्व्याण्णव साल. कॉम्प्युटरवर गाणी मिक्स करायला शिकायचं म्हणून अप्पांनी मला एकच महिना दिला होता. नाही जमलं, तर मुकाट त्यांच्यासोबत कापड विणायच्या लूमवर जायचं.

सरावासाठी मी डिंडोलीच्या आमच्या खोलीत आईची हळदीची गाणी रेकॉर्ड केली. पण प्रत्येक ओळीमागे शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट, लाइट गेली तरच थांबणारी! क्लासचे गुजराती सर म्हणाले, "भाई, पहेलां आ खटखट काढ." तीन आठवडे मी तेवढंच करत होतो. खटखट पुसायला जावं, तर आईचा आवाजही पुसला जायचा. शेवटी एकदाचं जमलं.

सुट्टीच्या दिवशी अप्पांना पर्वत पाटिया भागातल्या क्लासमध्ये नेलं आणि त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. वीस वर्षं लूम चालवलेले अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. एकाएकी ते दचकले. आधी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हेडफोनसकट ओरडले,



"लाइट तं शे रे! मंग लूम काबर बंद पडनात?"