एक्केचाळिसावा दाणा

मेंढपाळ ताश्तानच्या खुनाचा छडा अकरा वर्षांनी लागला, आणि त्यासाठी पोलिसांनी दाणे मांडून भाकीत करणाऱ्या सायरकान आपाला बोलावलंच नव्हतं. ठाण्याच्या कागदांवर तरी तसंच लिहिलंय.

न बोलावलेल्या आपाने तिन्ही संशयितांसमोर रुमाल पसरला, आजीकडून आलेले घेवड्याचे एक्केचाळीस दाणे त्यावर ओतले आणि आधी चहा मागितला.

चहा संपल्यावर तिने दाणे मोजले. चाळीस. पुन्हा मोजले. चाळीसच.

"झालं!" ठाण्याच्या कॅप्टन एमिलने कपाळावर हात मारला. "चाळिसांत काही दिसत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

"म्हणूनच तर कुणीतरी एक गिळलाय, बाळा. ज्याच्या मनात काही नाही, तो कच्चा घेवडा कशाला खाईल?"

संशयितांपैकी मेदेरला जोराचा ठसका लागला. ठसक्यामागोमाग कबुली आली.

आपा खुशीत घरी परतली. पण चाळीस दाण्यांवर धंदा कसा चालायचा? तिने ठाण्याला अर्ज लिहिला: "महोदय, माझा एक दाणा आरोपीच्या पोटात आहे. तो यथावकाश बाहेर येताच पंचांसमक्ष स्वच्छ धुऊन मला परत करण्यात यावा, ही नम्र विनंती."