भिंतीतला पाइप

प्लंबरने गच्चीवरचा कॉक बंद केला आणि खाली येऊन वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, भिंतीतल्या जुन्या पाइपाचं बूच काढलं. तपकिरी पाण्याची एक धार ओट्यावर सांडली आणि थांबली. त्याने कानामागची पेन्सिल काढून पाइपाच्या तोंडात घातली. तिचं टोक तेवढं आत गेलं.

“अर्ध्या इंचाचा पाइप आहे हा,” तो म्हणाला. “आतून गंज चढून चढून एवढीशी वाट उरलीय. खालच्या घराला पाणी मिळतंय हेच नवल.”

ओट्याच्या एका बाजूला थोरली उभी होती, दुसऱ्या बाजूला धाकटी. सख्ख्या जावा. थोरलीचं घर खालच्या मजल्यावर, धाकटीचं वर. रस्त्यावरच्या नळाचं पाणी चार महिन्यांपासून थोरलीकडे येईनासं झालं होतं, आणि पंपाने भरणाऱ्या गच्चीवरच्या टाकीतून घ्यायचं तर हा एकच पाइप खाली जात होता. धाकटीची अडचण नव्हती. तिने गेल्या वर्षीच टाकीपासून सिंकपर्यंत स्वतःपुरता प्लास्टिकचा पाइप टाकून घेतला होता. तोवर तिच्याकडे याच जुन्या पाइपाचं पाणी यायचं.

“आणि कपडे पिवळे पडतात, ते?” धाकटीने विचारलं.

“याच पाण्याने. पाण्यात लोखंड उतरतं, वहिनी. ते सुतात बसतं.”

“धुणारीचा हात चांगला असला तरी?”

प्लंबर हसला. “हाताचा काय संबंध? सात पिढ्यांचा धोबी आणून बसवा. पिवळंच निघणार.”

“जरा मोठ्याने सांगा. ताईंना कमी ऐकू येतं.”

“मला व्यवस्थित ऐकू येतं,” थोरली म्हणाली.

धाकटीने धुतलेले पिवळट कपडे पाहून ‘हिच्या हातालाच गंज आहे,’ असं थोरली एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती. घरात ती म्हणच होऊन बसली. तेव्हापासून नवा पाइप येईपर्यंत, दहा वर्षं, धाकटीचा नवरा आपले पांढरे शर्ट पिशवीत भरून खाली वहिनीकडे धुवायला देत होता.

“मी पावडर घालते ना पण,” थोरली प्लंबरला म्हणाली. “ब्लीचची. बादलीला दोन चमचे. तरी डाग जात नाहीत. उलट वाढतात.”

प्लंबरने कपाळावर हात मारला. “अहो काकू, लोखंडाच्या पाण्यात ब्लीच म्हणजे रंग पक्का करायचं औषध! हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं.

“मी सांगितलं,” धाकटी म्हणाली. “मला लग्नानंतर ताईंनीच शिकवलं होतं. हात चालत नसेल तर पावडर वाढव.”

“मला काय माहीत होतं तेव्हा!”

“तुम्हाला नव्हतं, खरंय. मला होतं.”

प्लंबरने मान खाली घातली आणि टेप काढून भिंत मोजायला लागला. वीतभर रुंदीची फरशी वरपासून खालपर्यंत फोडावी लागणार होती. “दुसरीकडून आणता येणार नाही,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढून आणला तरी यांच्याच गॅलरीतून. वहिनी हो म्हणाल्या तर उद्या संध्याकाळपर्यंत खाली स्वच्छ पाणी.”

दोघंही धाकटीकडे बघत राहिली. तिने फडकं घेतलं आणि सांडलेलं पाणी पुसू लागली.

“परवा पोरीला वॉर्डाबाहेर उभं केलं,” थोरली म्हणाली. तिची मुलगी नर्सिंग शिकत होती. “सगळ्यांसमोर विचारलं, युनिफॉर्म धुतेस की नाही म्हणून.”

धाकटीचा हात थांबला. “रडली?”

“घरी येऊन रडली. जेवली नाही.”

“मी न्हाणीघरात रडायचे. नळ सोडून.”

थोरलीने जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग प्लंबरकडे. मग ती भिंतीतल्या त्या तांबूस भोकाशी बोलल्यासारखी बोलली. “नव्हता तुझ्या हाताचा दोष. झालं? म्हटलं मी.”

“ऐकलं.”

धाकटीने फडकं पिळलं. त्यातून पाणी तपकिरीच निघालं. तिने हात धुतले, पदराला न पुसता नॅपकिनला पुसले आणि प्लंबरकडे वळली.

“दादा, बूच लावून टाका. फरशी फोडायची नाही.”

“अगं, मी म्हटलं ना—”

“पोरीचे कपडे पिशवीत भरून वर पाठवत जा, ताई. मी धुऊन देईन.”

थोरली कठड्याला धरून, एकेक पायरी करत खाली उतरली. प्लंबरने बूच घट्ट केलं, गच्चीवर जाऊन कॉक सोडला आणि हत्यारं पिशवीत टाकली. “तुमच्या घरातलं तुम्हाला माहीत,” तो दारात म्हणाला. “पण हा पाइप आता फार तर वर्षभर टिकेल.”

“वर्ष पुष्कळ झालं,” धाकटी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने भिंतीत पाणी सरकू लागलं. खाली थोरलीने बादली लावली होती. नव्या पाइपाने बादली दोन मिनिटांत भरते, हे धाकटीने मोजून ठेवलं होतं. जुन्याने किती वेळ लागतो, ते अजून मोजायचं होतं. तिने पंखा बंद केला, गॅस बंद केला, भिंतीच्या गार फरशीला कान लावला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली.