दुसरी टिचकी

गिटार शिकवणाऱ्या बाई नेमक्या टेबलाच्या पलीकडे, काकांच्या लेकीच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि काकांची पंचाईत झाली.

"काका, या दोन फळ्यांपैकी कुठली घ्यायची?" बाईंनी विचारलं. "तुमच्या कानांवर सोडलं."

टेबलावर महोगनीच्या दोन फळ्या होत्या. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी कापलेल्या. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पेटी नसते, नुसता भरीव लाकडाचा ठोकळा असतो. त्याला कुठलंही लाकूड चालतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. या कारखान्यात तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती. इथे काका फळी एका टोकाला धरून उचलत, टिचकी मारत आणि सांगत, ही घ्या. तीस वर्षं लोक घेत आले होते. त्यांचं नावच कानवाले काका पडलं होतं.

त्या नावातला कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

रंधा मशीनच्या आवाजाने तो खाल्ला. आधी मोबाइलची रिंग गेली, मग दाराची बेल. मग एके दिवशी त्यांनी टिचकी मारली आणि फळी गप्प राहिली. दुसरी घेतली, तीही गप्प. त्या दिवशी काका जे घाबरले ते आजतागायत घाबरलेलेच होते. माणसांचं बोलणं अर्धं ऐकून, अर्धं ओठांकडे बघून भागत होतं. फळीला ओठ कुठून आणायचे?

तेवढ्यात देवासारखी लेक धावून आली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती समोर उभी राहून गिटारीला पॉलिश पेपर घासायची. काकांच्या लक्षात आलं, की टिचकी वाजल्यावर मधूनच तिचा हात थांबतो. बापाचा कान पोरीत उतरला होता! जिच्या टिचकीला हात थांबेल ती फळी काका बाजूला काढू लागले. दर वेळी कुठल्या ना कुठल्या फळीला चष्म्यावर भुसा बसेच, मग तो पुसून पुन्हा टिचकी मारावी लागे. तोवर तिनेही नीट कान दिलेला असे. गिटारी पूर्वीसारख्याच वाजत होत्या, लोक पूर्वीसारखेच खूश होते.

तिला हे सांगायची मात्र हिंमत झाली नाही. कारखान्यात आठ माणसं कामाला होती आणि सगळ्यांची घरं या एका कानावर चालत होती. बिंग फुटलं तर उद्या दाराशी कोण येणार?

"बाई, उजेड अडतोय जरा," काका म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

बाई बाजूला झाल्या. लेक पॉलिश पेपर घेऊन आपल्या जागेवर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोठं गिऱ्हाईक आलं की तिचं पोट बिघडायचं, शाळेत परीक्षेच्या दिवशी बिघडायचं तसंच.

काकांनी उजवी फळी उचलली, टिचकी मारली आणि लेकीकडे पाहिलं. हात चालूच.

डावी उचलली. टिचकी. हात चालूच.

असं कधी झालं नव्हतं. काकांची पाचावर धारण बसली. बाई टक लावून बघत होत्या. कपाळावरचा घाम ओघळून चष्म्यावर आला. डावी फळी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. मोकळ्या हाताने त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा टिचकी मारली.

लेकीचा हात थांबला.

"ही घ्या," काका म्हणाले. जिवात जीव आला.

बाईंनी ती फळी घेतली, डोळे मिटून स्वतः टिचकी मारली. मग डोळे उघडून एकदा काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहाहा! काय बोलते हो ही! सोमवारी माझे वीस विद्यार्थी घेऊन येते. फळी कशी ऐकायची ते त्यांना तुम्हीच शिकवा. नाही म्हणायचं नाही."

बाई गेल्या. वीस जणांसमोर, ते म्हणतील ती फळी उचलून ती कशी बोलते ते सांगायचं! आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी लेकीला समोर बसवलं.

"पोरी, सोमवारी तू शिकव त्यांना."

"मी?"

"मला फळी ऐकू येत नाही गं. दोन वर्षं झाली. मी फक्त तुझा हात बघतो. फळ्या सगळ्या तूच निवडल्यास. खरा कान तुझा आहे."

बोलून झालं आणि काकांना दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. आता लेक रडेल, रागावेल, नाहीतर गळ्यात पडेल, असं त्यांना वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. पॉलिश पेपर हातातून गळून पडला, तोही तिने उचलला नाही. ती हळूच काहीतरी बोलली. ते काकांना ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ त्यांनी नीट वाचले.

"बाबा, मला सगळ्या फळ्या सारख्याच वाटतात. ते तुम्हाला कळू नये म्हणून, तुम्ही जिला दुसऱ्यांदा टिचकी मारायचात, तिला मी हात थांबवायचे."