कोपऱ्यातला डोळा

अप्पा रोज संध्याकाळी माडीवरच्या खोलीतून फोनवर लाइव्ह प्रवचन करायचे. पडद्याच्या कोपऱ्यात किती जण बघतायत ते दाखवणारं डोळ्याचं चिन्ह आणि त्यापुढे रोज एकच आकडा, एक.

"हा नक्की सरकारचा माणूस," ते बायकोला बजावायचे. "देवाचं नाव घेणाऱ्यावर आधी पाळत ठेवतात, मग एक दिवस गपचूप बंद पाडतात."

"सरकारला दुसरे उद्योग नाहीत होय?" म्हणत ती भांडी घासत राहायची.

पण अप्पा कसले घाबरतात! ते त्या हेरालाच सुनावायला लागले, "चोरून ऐकणाऱ्या बाबा, तुझंही देव भलं करो!" हेरही मोठा चिकट, शेवटच्या प्रार्थनेपर्यंत जागचा हलायचा नाही.

आज साधूच्या झोपडीत चोर शिरला, गोष्टीला रंग चढला, आणि तेवढ्यात एकाचं शून्य झालं. घातली मेल्यांनी बंदी! अप्पा जिना उतरून स्वयंपाकघरात आले.


ओले हात पुसत बायको म्हणाली, "माझा चार्जर तुम्हीच वर नेलात ना? ऐन रंगात फोन बंद पडला. आता सांगा, त्या चोराचं पुढे काय झालं?"