होन्मा-सानचे मासे

होन्मा-सानचा अकरावा मासाही बंधाऱ्यापर्यंत पोचला नव्हता.

शैलजाने लॅपटॉपवरची यादी पुन्हा एकदा वर-खाली करून पाहिली. साकुरामासु हा सॅमनच्या घराण्यातला मासा वसंतात समुद्रातून नदीत चढतो. गळाला लागलेला मासा परत सोडला तर तो जगतो का, हा तिच्या संशोधनाचा विषय. नदीच्या तिच्या पट्ट्यात पकडलेला प्रत्येक मासा सोडायचाच, असा नियम होता. सोडण्याआधी ती त्याला तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचायची. मासा वरच्या बंधाऱ्यावरून गेला की तिथलं यंत्र नोंद करायचं. इतरांच्या बेचाळीस माशांपैकी छत्तीस वर गेले होते. होन्मा-सानच्या अकरांपैकी एकही नाही.

"म्हातारा खातोय," सत्यजित म्हणाला. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तो बायकोसाठी चहा गाळत होता. "इथे सोडल्यासारखं करायचं आणि खालच्या वळणावर जाऊन परत धरायचं. तो बर्फाचा डबा काय शोभेला आणतो?"

"तसा माणूस नाही रे तो."

"मग मासे गेले कुठे?"

सोमवारी मच्छीमार सोसायटीची बैठक होती आणि संशयिताचं नाव त्याआधी कळवा, असं प्रोफेसरांनी बजावलं होतं. नाव गेलं की परवाना रद्द. होन्मा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायको गेल्यापासून एकटे. नदी सोडली तर जायला दुसरी जागा नाही, हे त्यांनीच एकदा घरचा मुळा तिच्या हातात ठेवताना सांगितलं होतं. शैलजाला त्यांचं नाव लिहिणं जिवावर आलं होतं.

शिवाय मासा कसा हाताळावा, हे तिला पुस्तकांपेक्षा त्यांनीच जास्त शिकवलं होतं. हात आधी ओले करायचे, कल्ल्यांना बोट लावायचं नाही, सोडताना तोंड प्रवाहाकडे.

"आणि मासा पाण्याबाहेर काढलात ना, की आपलाही श्वास रोखायचा," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "आपला जीव घाबरा झाला की समजायचं, त्याचाही झालाय."

तिला ते इतकं आवडलं होतं की तिने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी ती लवकर नदीवर गेली आणि काठावरच्या झाडाला एक छोटा कॅमेरा बांधून आली. मासे मोजायचा ट्रे ठेवायची जागा आणि खालचं वळण, दोन्ही त्यात दिसत होतं. हे करताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

दहाच्या सुमारास होन्मा-सानच्या गळाला मासा लागला. चांगला दोन किलोचा. त्यांनी तो जाळीतून पाण्यातल्या पाण्यात आणला आणि तिच्या पाणी भरलेल्या ट्रेमध्ये सोडला. तिने मोजला, चिप टोचली. इतर लोक ट्रे उचलून आपापला मासा आपणच सोडायचे. होन्मा-सानचे गुडघे दुमडत नसत, म्हणून त्यांचा मासा तीच सोडायची. ट्रेपासून पाणी तीन पावलांवर.

तिने मासा उचलला तसे ते कमरेत वाकले. तीही वाकली. जपानमध्ये पाच वर्षं काढून ती एक गोष्ट पक्की शिकली होती. समोरचा वाकला की आपण वाकायचं, आणि तो वयाने मोठा असेल तर त्याच्याहून जरा जास्त. पुण्यात सासूबाईंना नमस्कार करताना अवघडणारी बायको इथे फोनवर बोलतानाही वाकते, असं सत्यजित तिला चिडवायचा.

मासा गेला. होन्मा-सानचा चेहरा लाल झाला होता आणि त्यांना धाप लागली होती. दर वेळी असंच व्हायचं. एरवी हवापाण्यापासून नातवापर्यंत बोलणारा हा माणूस मासा सोडताना एक अक्षर बोलायचा नाही. मनात काही असलं की माणूस असाच वागतो, असं तिच्या मनात आलं.

ती वहीत नोंद करत होती. ते तिथेच घुटमळले. तिला ते 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणायचे.

"सेन्सेई, मासा किती वेळ हवेत होता, तेही लिहिता का हो तुम्ही?"

"लिहिते ना. पाच सेकंद."

"पाच."

"तीनच तर पावलं आहेत, होन्मा-सान. नेहमी पाचच लिहिते."

"तुम्ही शिकलेल्या आहात," ते हळूच म्हणाले, आणि डबा उचलून खालच्या वळणाकडे गेले.

संध्याकाळी शैलजाने मेल लिहून ठेवला. होन्मा-सानचं पूर्ण नाव, परवाना क्रमांक, बारा मासे.

"पाठव आता," सत्यजित म्हणाला.

"आधी बघू तरी."

तिने चित्रण पुढे पळवलं. वळणावर होन्मा-सान दगडावर बसले. डबा उघडला. त्यातून दोन भाताचे गोळे आणि थर्मास निघाला. त्यांनी सावकाश खाल्लं, डबा बंद केला आणि पाण्याकडे बघत बसून राहिले. गळ त्यांनी हातातही घेतला नाही.

"मग आधी काही केलं असेल," सत्यजित म्हणाला.

तिने चित्रण मागे नेलं. कोपऱ्यातल्या घड्याळात दहा वाजून चौदा मिनिटं सात सेकंद झाले असताना पडद्यावरच्या शैलजाने मासा ट्रेमधून उचलला. होन्मा-साननी गाल फुगवून श्वास रोखला आणि ते वाकले. मासा हातात धरून शैलजा वाकली. त्यांनी पाण्याकडे हात केला आणि आणखी खाली वाकले. ती त्यांच्याहून खाली वाकली. ते पुन्हा वाकले, हात पाण्याकडे, डोळे माशावर. ती पुन्हा वाकली. माशाची शेपटी दोनदा हलली, मग हलायची थांबली. दहा वाजून पंधरा मिनिटं पाच सेकंदांनी तिने मासा पाण्यात सोडला, आणि तिच्या मागे उभ्या होन्मा-साननी श्वास सोडला.