बारा लाल वर्तुळं

“माझ्या रानातून वाट न्याल तर मी तिथे आडवी पडेन,” सोलांजने नकाशावर बोट आपटलं. “मग खुशाल माझ्या अंगावरून सायकली न्या.”

यानिक गडबडला. हा तिशीतला माणूस जिल्ह्याच्या गावाहून आला होता आणि सकाळपासून गावच्या कचेरीत टेबल मांडून बसला होता. कोरेझ या फ्रेंच मुलखाच्या डोंगरांतून जाड टायरच्या सायकलींसाठी साठ किलोमीटरची वाट आखायची होती. डांबर नाही, मोटार नाही, नुसती खडी आणि माती. जुन्या पायवाटा जोडायच्या, चार पाट्या ठोकायच्या की संपलं काम, असं त्याला वाटलं होतं.

“पण का, मादाम? सायकलवाल्यांचा कसला आलाय त्रास? साधा आवाजसुद्धा नसतो त्यांचा.”

कारण होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्या रानात सोलांजची अळंबीची जागा होती. जाड देठाची, तपकिरी टोपीची अळंबी, सप्टेंबरच्या पावसानंतर चौथ्या दिवशी वर येणारी. आईने ही जागा तिला दाखवली ती स्वतःचे गुडघे गेल्यावर. त्याआधी एक दिवसही नाही. सोलांजने ती नवऱ्यालाही दाखवली नव्हती. रोलां माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तसं इथे प्रत्येकाच्या नावावर रानाचा एखादा तुकडा असतोच, आणि कायद्याने अळंबी रानाच्या मालकाची. पण पहाटेच्या धुक्यात कायदा कुणाला दिसतो? म्हणून रानात जाताना सोलांज हातात कुत्र्याचा पट्टा धरायची. कुणी भेटलंच तर विचारायची, “आमचा बिस्कू दिसला का हो?” बिस्कूला मरून चार वर्षं झाली होती.

“घुबडं आहेत तिथे,” ती म्हणाली. “दुर्मिळ जातीची. बिथरतील.”

“नक्की कुठे?”

“तो दुभंगलेला ओक आहे ना, तिथून खाली झऱ्यापर्यंत. साठ पावलं. डाव्या अंगाला.”

“उजवीकडे नाहीत?”

“उजवीकडे ऊन येतं. घुबडांना चालत नाही ते.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण यानिक पडला शहरातला. त्याने मान डोलावली आणि लाल पेनने एक गोल काढला. सोलांज गुणगुणत घरी गेली आणि त्या दिवशी रोलांला दोन अंडी जास्त मिळाली.

तीन आठवड्यांनी सभा भरली. पाणीपट्टीच्या सभेला इथे पाच डोकी जमताना मारामार, पण आज कचेरीत उभं राहायला जागा नव्हती. भिंतीवर चादरीएवढा नकाशा लावला होता. हिरवी वाट डोंगरभर वळसे घेत, अंग चोरत चालली होती, कारण तिला बारा लाल वर्तुळं चुकवायची होती.

“तुमची प्रत्येक हरकत मी मनापासून ऐकली,” यानिक अभिमानाने म्हणाला. “आणि कुणाला शंका नको म्हणून सगळं उघड मांडलंय. नाव, कारण, झाड, पावलं. वाचा सगळ्यांनी.”

सगळ्यांनी वाचलं. सरपंच ओक्ताव्ह: दलदल, जुन्या चेस्टनटपासून तीस पावलं. बेकरीवाली मिरेय: रानडुकरं, फक्त पडक्या भिंतीच्या मागे. सोलांज: घुबडं, दुभंगलेला ओक, डावीकडे.

हिरव्या वाटेकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

सोलांजला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पडक्या भिंतीच्या मागे! वीस वर्षं ती मिरेयची जागा हुडकत होती, आणि ती निघाली बेकरीपासून हाकेच्या अंतरावर. मग तिने मिरेयकडे पाहिलं. मिरेयचे ओठ हलत होते. “साठ पावलं… डावीकडे…” सरपंच मोबाइल उंच धरून फोटो काढत होते, कचेरीच्या दप्तरासाठी म्हणे. पाऊस होऊन आज तिसरा दिवस. उद्या उजाडताच अख्खं गाव टोपल्या घेऊन तिच्या ओकाखाली वाकलेलं असणार. आईची जागा तिच्याच तोंडून निघून भिंतीवर लागली होती. तिला खरंच रडू आलं.

तिने डोळे पुसले आणि विचार केला. उद्याचं पीक गेलं ते गेलं, पण पुढची वर्षं तरी वाचवता येतील. शेजारच्या खोऱ्यातले सायकलवाले तिने पाहिले होते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्यांची रांग तुटत नाही. मान खाली, नजर चाकापुढच्या खडीवर. पावाएवढी अळंबी रस्त्याकडेला उभी राहिली तरी त्यांना दिसायची नाही. पण परक्याच्या रानात टोपली घेऊन ओणवा झालेला सरपंच? तो मात्र नक्की दिसेल. आणि कॅफेत बसून हे सायकलवाले दहा जणांना सांगतील.

“कुणाची काही हरकत?” यानिकने विचारलं.

“माझी!” सोलांज ताडकन उठली. “वाट बदला. माझ्या रानातूनच न्या, अगदी ओकाला घासून. आणि झऱ्याजवळ दोन बाकं टाका. बसू देत बिचाऱ्यांना दिवसभर.”

यानिकने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सरपंच खुर्ची पाडून उभे राहिले.

“तिचं नंतर!” ते ओरडले. “आधी माझ्या दलदलीतून न्या!”