शुक्रवारच्या आत एक पौंड

डेल्मारला एक पौंड कमवायचा होता, तोही शुक्रवारच्या आत. स्वतःसाठी नव्हे. त्याचे स्वतःचे तीन आठवड्यांत न मागता अकरा वाढले होते. पौंड हवा होता बायकोला. व्हर्नाचं वजन भरलं होतं सत्त्याण्णव. शुक्रवारी अठ्ठ्याण्णवच्या खाली भरलं तर या खेपेचं औषध चढवणार नाही, असं नर्सनं स्पष्ट सांगितलं होतं.

आज मंगळवार. पौंडाला साडेतीन हजार कॅलरी लागतात, हे डेल्मारनं विचारून घेतलं होतं. म्हणून चार वाजताच तो तिला घेऊन हमरस्त्यावरच्या, ट्रकवाल्यांच्या हॉटेलात येऊन बसला होता. मेनूकार्डावर त्याचं बोट पदार्थांवरून नव्हे, त्यांच्यापुढे छापलेल्या आकड्यांवरून फिरत होतं.

"सतराशे दहा... अठराशे चाळीस... हे बघ! एकवीसशे ऐंशी!"

"पण आहे काय ते?" व्हर्नानं विचारलं.

"ते बघतो मग."

वाढणारी रोशेल सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही 'राजा' म्हणायची. "राजा, साठीच्या वरच्यांसाठी मागचं पान आहे बघ. लहान ताटं, सगळी पाचशेच्या आतली."

"पाचशेत काय होतंय? याच्याहून वरचं काही आहे?"

"बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे खालचा आकडा शोधतात."

"शोधू देत. हेच दोन आण."

रोशेलनं व्हर्नाकडे पाहिलं, तिच्या डोक्याच्या रुमालाकडे पाहिलं, आणि पुढे थट्टा केली नाही. "ग्रेव्ही जास्तीची घालते," एवढंच म्हणाली.

आली ती ताटं नव्हती, पराती होत्या. पीठ लावून तळलेलं हातभर मांस, त्यावर पांढरी दाट ग्रेव्ही, बाजूला लोण्यात कालवलेल्या बटाट्याचा डोंगर. व्हर्नानं पर्समधून आपला प्लास्टिकचा चमचा काढला. औषध सुरू झाल्यापासून तिला धातू तोंडात धरवत नव्हता. आणि खरं तर अन्नालाही गंजक्या खिळ्याचीच चव यायची. म्हणून तिनं अट घातली होती, एकटीनं खाणार नाही. तू एक घास, मी एक घास.

डेल्मारनं पहिला घास घेतला. तिनं घेतला. त्यानं शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून कागदी रुमालावर आकडा मांडला. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक वजन करण्यात गेली होती. मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

तीन घास झाले. चौथा घेण्याआधी त्यानं पट्टा एक भोक सैल केला.

"रुमाल दाखव," व्हर्ना म्हणाली.

त्यानं सरकवला. वर तिचं नाव, खाली तिचे आकडे.

"आणि तुझे?"

"माझे कशाला?"

"भरलेला ट्रक मोजायचा नि रिकामा मोजायचाच नाही, अशी पावती दिली असतीस कधी कुणाला?"

डेल्मार बटाट्यात चमचा फिरवत राहिला.

"गाडीच्या कप्प्यात हातरुमाल शोधत होते," ती म्हणाली. "तुझ्या डॉक्टरचं पत्र सापडलं. साखर तीनशे दहा."

"त्यांचं मशीन बिघडलं असणार."

"ट्रकवालेही तुला हेच सांगायचे. घरी येऊन हसायचास तू."

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "मी थांबलो तर तूही थांबशील."

व्हर्नानं त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि पालथा ठेवला. मग त्याची परात आपल्याकडे ओढली.

"अट बदलली. माझा घास मी खाणार, नि तुझाही मीच. तू मोज."

तिनं घास घेतला. बराच वेळ चावला. गिळला. लगेच दुसरा उचलला, त्याच्या परातीतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं गं?"

"मिरी जास्त आहे."

मिरीच्या डबीला कुणी हात लावला नव्हता. डेल्मारनं ती उगाच उचलून टेबलाच्या टोकाला नेऊन ठेवली. त्याचे हात मांडीवर, नजर तिच्या घशावर. पाचव्याला ती थांबली, पाणी प्याली, खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जाडजूड ट्रक वजनकाट्यावर चढत होते.

"मला त्यावर उभी कर शुक्रवारी," ती म्हणाली.

"त्यावर तू दिसणारच नाहीस. तो वीस-वीस पौंडांनी मोजतो."

"मग अजून खायला हवं," म्हणत तिनं सहावा उचलला.

रोशेल डबे घेऊन आली, तेव्हा दोन्ही पराती अजून निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या. तिनं सगळं एकाच मोठ्या डब्यात भरलं, रुमालावर वाचून झाकणावर व्हर्नाचं नाव घातलं, आणि डेल्मारपुढे बिनसाखरेची कॉफी ठेवली. ती कुणी मागितली नव्हती.

डेल्मारनं बेरीज केली. दोनदा केली, दोन्ही वेळा वेगळी आली. तेव्हा व्हर्नानं पेन्सिल मागून घेतली, रुमालावर मधोमध रेघ मारली, आणि मोकळ्या बाजूला त्याचं नाव घालून खाली लिहिलं:

'त्याच्या वाटचे घास दहा. तीन त्यानं खाल्ले. सात मी.'